कळलावी दरवर्षी कुजते, पिवळी पडते, फुलत नाही: खताआधी माती तपासा

पहिल्या वर्षी वेल जोरात चढते, पिवळ्याची लाल होत जाणारी फुलं भरभरून येतात. दुसऱ्या वर्षी कोंब उशिरा निघतो, पानं फिकट राहतात, चार-दोन कळ्या येऊन गळतात. तिसऱ्या वर्षी माती उकरावी तर कंदाच्या जागी काळपट, बुळबुळीत लगदा सापडतो. मग नवा कंद येतो, त्याच मातीत लागतो आणि पुन्हा तेच. कळलावी लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार थोड्याफार फरकाने अशीच असते, आणि तिच्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे खत किंवा बुरशीनाशक.

मला हा क्रम चुकीचा वाटतो. मुळांना हवा मिळते का, हे सगळ्यात आधी बघावं. त्यानंतर सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते), मग क्षार, आणि अन्नद्रव्यांचा विचार अगदी शेवटी. पहिली गोष्ट बिघडलेली असताना बाकीच्या तिन्ही बिघडल्यासारख्या दिसतात. त्यामुळे खत देऊन, लोह फवारून, बुरशीनाशक ओतून दुखणं तसंच राहतं आणि वर क्षार वाढतात.

मातीत हात घालण्याआधी एक सूचना. कळलावीचा कंद, बी, पान, खोड, सगळंच विषारी आहे. तिच्यातलं कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं आणि कंदाचा लहानसा तुकडा पोटात गेला तरी जिवावर बेतू शकतं. रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. हातमोजे घाला, कुजलेले तुकडे खोल पुरा, लहान मुलं आणि जनावरं तिकडे फिरकणार नाहीत असं बघा.

रानात ती कशी राहते

आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांत कळलावी आपोआप उगवते: जंगलाच्या कडेला, काटेरी जाळ्यांत, दगडगोट्यांच्या उतारावर. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ती बागांतून निसटली आणि वाळूच्या टेकड्यांवर इतकी माजली की तिथे तिला उपद्रवी तण मानतात. किनाऱ्यावरच्या वाळूत अन्नद्रव्यं फारशी नसतात, तरी ती तिथे फोफावते. तेव्हा ‘माझी माती सकस नाही म्हणून ती वाढत नाही’ हा समज सोडून दिलेला बरा. या सगळ्या ठिकाणांत समान गोष्टी दोनच. पाणी मुरून पुढे जातं, मुळाशी साचत नाही. आणि वर्षातले काही महिने माती कोरडी असते, त्या काळात कंद जमिनीत निजलेला असतो.

कंदाचं वागणंही समजून घ्यायला हवं. कळलावीचा जुना कंद दर हंगामात आपला साठा कोंबाला देऊन संपतो आणि कोंबाच्या बुडाशी नवा कंद तयार होतो, बहुधा दोन फाट्यांचा. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. या हंगामात मुळं गुदमरली, पानं पिवळी राहिली, तर नव्या कंदात साठा कमी भरतो आणि त्याचा परिणाम पुढच्या हंगामात दिसतो. पहिल्या वर्षी फुलं आली याचा अर्थ माती चांगली होती असा नाही. ती फुलं मुख्यतः विकत आणलेल्या कंदाच्या साठ्यावर आलेली असतात. ‘पहिल्या वर्षी तर छान होती’ या वाक्याने मातीवरचा संशय दूर होऊ देऊ नका.

हवा आहे का, हे तपासा

चांगल्या मातीच्या घनफळातली जवळपास निम्मी जागा पोकळ्यांची असते. पाणी दिल्यावर मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं आणि त्यांच्यात हवा शिरते. बारीक पोकळ्यांत पाणी अडून राहतं. माती वाफशावर येते ती अशी. हवेने भरलेली जागा एकूण घनफळाच्या १० टक्क्यांखाली गेली की बहुतेक झाडांच्या मुळांची घुसमट सुरू होते, कारण प्राणवायू पाण्यातून पसरतो तो हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद गतीने. माती उबदार असेल तर मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून उरलासुरला प्राणवायू पाहता पाहता संपवतात. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून थंडीत पाणी साचलेलं जेवढं सोसतं तेवढं गरम, दमट दिवसांत सोसत नाही.

प्राणवायू असताना मुळातली पेशी ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे (पेशीत ऊर्जा वाहून नेणाऱ्या संयुगाचे) तीसेक रेणू मिळवते. प्राणवायू नसताना फक्त २. साखर खर्च होत राहते, पण अन्नद्रव्यं ओढून घ्यायला आणि नवं मूळ वाढवायला लागणारी ऊर्जा तयार होत नाही. पेशीतला रस आम्ल होत जातो आणि पेशीच्या आवरणात पाण्यासाठी असलेले प्रथिनांचे मार्ग बंद होतात. मुळाभोवती पाणीच पाणी असून ते आत शिरत नाही. भर दुपारी वेल मान टाकते ती यामुळे, आणि पाहणाऱ्याला वाटतं की तिला पाणी कमी पडलं.

हा प्रसंग फार वेळा घडतो, म्हणून नियम सांगतो. कोमेजलेली वेल दिसली की आधी ७–८ सेंटीमीटर खोल बोट किंवा लाकडी काडी घाला. माती ओली लागली आणि वेल तरी मलूल असेल तर पाणी देऊ नका. माती कोरडी असेल तरच द्या. मातीचा वासही घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास असतो. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर प्राणवायू संपून बराच काळ झालेला आहे, कारण तो दुसरा वास गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या जिवाणूंकडून येतो आणि त्यांचं काम प्राणवायू, नायट्रेट, मँगनीज आणि लोह यांची पाळी उलटून गेल्यावरच सुरू होतं. निळसर-करडे डाग दिसले तरी निदान हेच.

जमिनीत लावली असेल तर निचऱ्याची चाचणी करा. कंदापासून थोड्या अंतरावर ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि सगळं जिरू द्या. पुन्हा भरा आणि एका तासात पाणी किती खाली जातं ते मोजा. तासाला २.५ ते ७.५ सेंटीमीटर उतरलं तर निचरा ठीक आहे. २.५ च्या खाली असेल तर कळलावीसाठी ती जागा आहे तशी योग्य नाही, मग तिथे बाकीची झाडं कितीही खुशाल वाढत असोत. पहिल्यांदा भरलेल्या पाण्यावरून निष्कर्ष काढू नका, कोरडी माती कितीही चिकण असली तरी पहिलं पाणी पटकन पिते.

माती कोणत्या जातीची आहे हे बरणीत कळतं. पारदर्शक बरणी एक तृतीयांश मातीने भरा, बाकी पाणी घाला, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत, आणि चिकणमाती दिवस उलटला तरी पाणी गढूळ ठेवते. दोन दिवसांनंतरही पाणी निवळत नसेल तर चिकणमाती खूप आहे, किंवा मातीत सोडियम जास्त असल्याने तिचे कण एकमेकांना धरत नाहीत. चोपण जमिनीचं हे ओळखीचं लक्षण.

कोंबच आला नाही तर

कंद काळजीपूर्वक उकरून बघा. तीन शक्यता असतात. कंद टणक आहे, टोकही शाबूत आहे: मग तो अजून निजलेला आहे, त्याला वेळ आणि ऊब द्या, पाणी अगदी बेताने. कंद टणक आहे पण टोक तुटलेलं आहे: त्या फाट्यातून कोंब येण्याची आशा जवळपास नाही. हे टोक बहुतेक वेळा मागच्या हंगामात काढणीच्या वेळी तुटतं, आणि ते तुटण्यामागेही मातीच असते. घट्ट, वाळून दगड झालेल्या चिकणमातीतून कंद ओढताना टोक आतच राहतं. शिवाय अशा मातीत मूळ आणि वाढता कंद पुढे सरकू शकत नाहीत. मातीचा रेटा २ मेगापास्कलच्या (मेगापास्कल हे दाबाचं एकक) आसपास गेला की बहुतेक मुळांची वाढ जवळपास थांबते, आणि कंद आखूड, वाकडे, खरबरीत निघतात.

तिसरी शक्यता कुजण्याची. इथे नुसतं ‘बुरशी लागली’ म्हणून थांबू नये. पिथियम किंवा फायटोप्थोरासारख्या जिवांचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळापर्यंत येतात, त्यांना साचलेलं पाणीच लागतं. कंदावर पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी गोळे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते गोळे मातीत दीर्घकाळ टिकतात, म्हणून ती माती पुन्हा कंदासाठी वापरू नये. घाण वास आणि पाणीदार लगदा असेल तर जिवाणूंची कुज. पण या सगळ्यांना दार उघडून दिलेलं असतं ते गुदमरलेल्या, साखर पाझरणाऱ्या मुळांनी आणि कंदाच्या जखमांनी. बुरशीनाशकाने काही आठवडे मिळतात. निचरा न सुधारता पुढच्या हंगामापर्यंत कंद टिकेल असं मी कोणाला सांगणार नाही.

पिवळेपणा: आधी कोणतं पान ते बघा

पिवळी पानं दिसली की लोक एकदम ‘काय देऊ?’ असं विचारतात. त्याआधीचा प्रश्न: पिवळं पान वेलीच्या तळाचं आहे की शेंड्याचं?

तळाची जुनी पानं आधी पिवळी होत असतील आणि पूर्ण पान एकसारखं फिकट पडत असेल तर नत्राची कमतरता. नत्र वेलीच्या आत हलतं, नव्या पानांना लागलं की ते जुन्या पानांतून काढून घेतलं जातं. पण नत्र कमी पडलं याचा अर्थ ते मातीत घातलं नव्हतं असा नाही. पाणी साचलेल्या मातीत जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि नत्र वायुरूपाने उडून जातं. अशा मातीत युरिया घालत राहिलात तर वेलीला मिळतं थोडं आणि वाया जातं बरंच.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह पोहोचत नाही. लोह एकदा पानात बसलं की सहजासहजी हलत नाही, म्हणून तुटवडा नव्या पानात दिसतो. कळलावीच्या पानात शिरा एकमेकींना समांतर असतात, त्यामुळे इथे जाळी उमटत नाही, तर हिरव्या-पिवळ्या उभ्या रेघा दिसतात. याला विषाणूरोग समजून वेल उपटून टाकणारेही आहेत. उपटण्याआधी सामू तपासा.

मातीत लोह भरपूर असतं, अगदी या पिवळ्या वेलीच्या बुडाशीसुद्धा. अडचण विरघळण्याची आहे. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे १,००० पटींनी घटते. कळलावी एकदल असली तरी गवत नव्हे. गवतं मुळांतून खास संयुगं सोडून लोहाला धरून आणतात. ती सोय तिच्याकडे नाही. तिला मुळाभोवतीची माती स्वतः थोडी आम्ल करावी लागते आणि मग लोहाचं रूप बदलून ते आत घ्यावं लागतं. चुनखडीच्या मातीत बायकार्बोनेट त्या आम्लाला लगेच मारून टाकतं, आणि मुळाची ती मेहनत वाया जाते.

आता इथेच हवेचा मुद्दा परत येतो. चुनखडीची माती ओलीगच्च राहिली की श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, पाण्यात विरघळतो आणि चुनखडीशी मिळून आणखी बायकार्बोनेट तयार करतो. म्हणून एकाच मातीत पावसाच्या झडीनंतर पिवळेपणा उफाळतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की नवं पान पुन्हा हिरवं निघतं. असा चढउतार दिसत असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) फवारत बसण्यापेक्षा पाणी कमी करून बघा. माझ्या मते ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी चाचणी आहे.

सामू मोजायला कोरडी, चाळलेली माती एक भाग आणि ऊर्ध्वपातित पाणी अडीच भाग घ्या, ढवळून अर्धा तास ठेवा आणि मग मीटर बुडवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर आकडा मातीचा नसून पाण्याचा येऊ शकतो. कळलावीला सामू ६ ते ७ मानवतो. ७.५ च्या पुढे रेघा दिसू लागल्या तर नवल नाही. सोबत चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर मुक्त चुना आहे, आणि हा निकाल सामूच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. का, ते हिशेबातून दिसेल.

चुना नसलेल्या मातीचा सामू गंधकाने खाली आणता येतो. मातीतले जिवाणू गंधकापासून आम्ल तयार करतात, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि त्यांनाही ओल, ऊब आणि हवा लागते. पण मातीत चुना असेल तर आधी तो सगळा खपावा लागतो. १०० ग्रॅम चुनखडी मारायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. कुंडीत १० किलो माती असेल आणि तिच्यात केवळ १ टक्का चुना असेल, तरी ३२ ग्रॅम गंधक फक्त चुना संपवण्यात जाईल, सामू त्यानंतर हलायला लागेल. १० टक्के चुना असेल तर ३२० ग्रॅम. एवढं गंधक त्या कुंडीत ओतणं शहाणपणाचं नाही. चुनखडीची माती सुधारण्याचा हट्ट सोडा आणि कुंडीसाठी माती बदला.

तात्पुरता आराम म्हणून लोह देता येतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, ताजं बनवून, ऊन उतरल्यावर फवारायचं. आधी एका पानावर करून बघा, कोवळं पान करपू शकतं. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटचा (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगाचा) प्रकार बघून घ्या. ईडीटीए चिलेट सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत, आणि चुनखडीच्या मातीत फक्त ईडीडीएचए कामाचं. पाकिटावर नुसतं ‘चिलेटेड लोह’ लिहिलेलं असेल आणि प्रकार दिलेला नसेल तर चुनखडीच्या मातीसाठी ते घेऊ नका.

तिसरा पिवळेपणा आजारच नसतो. शेंगा भरून झाल्या, बी पिकलं, की पूर्ण वेल वरपासून खालपर्यंत पिवळी पडून वाळते. पानांतली अन्नद्रव्यं कंदात उतरत असतात. नेमकं या वेळी घाबरून पाणी आणि खत वाढवलं जातं, वर पानं नसल्यामुळे ते पाणी शोषलं जात नाही, आणि चांगला भरलेला कंद ओल्या मातीत सडतो. वेल आपणहून वाळायला लागली की पाणी कमी करत पूर्ण बंद करा. ‘दरवर्षी कुजते’ या तक्रारीतले निम्मे कंद तरी फुलांच्या हंगामात कुजलेले नसून या निजण्याच्या काळात कुजलेले असतात, असं माझं निरीक्षण आहे.

टोकं करपणं

कळलावीच्या पानाचं टोक लांबून वळतं आणि आधाराला विळखा घालतं. क्षार जास्त झाले की मुळाला पाणी ओढणं जड जातं, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार पानाच्या अगदी शेवटी, म्हणजे याच टोकात, साठतात. टोक तपकिरी होऊन वाळतं, आधार धरता येत नाही, आणि वेल घसरून गोळा होते. लोक वेल बांधून देतात, दुखणं मात्र मातीतच राहतं. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसतो का ते बघा. दिसला तर तो खरवडून काढा आणि कुंडीच्या घनफळाच्या दोन-तीन पट गोडं पाणी सावकाश ओतून खालून वाहून जाऊ द्या. निचरा चांगला असेल तरच हे करा, नाहीतर क्षार जाण्याऐवजी मुळं बुडतील. न धुतलेलं कोकोपीटही क्षारांचं मोठं कारण असतं, ते दोन-तीनदा धुऊनच वापरावं.

नुसता पाला, फूल नाही

वेल हिरवीगार, पानं रुंद आणि मऊ, पेरं लांबलेली, कळ्या नाहीत. नत्र जास्त झालं, ऊन कमी पडलं किंवा कंद लहान होता, यांतलं एक. बोटासारखा बारीक कंद पहिल्या वर्षी फुलत नाही, त्याला दोष देऊ नका. बियांपासून केलेल्या रोपाला फुलायला काही वर्षं जातात. फुलांसाठी कंद ५० ग्रॅमच्या आसपास असलेला बरा. कंद भरपूर मोठा होता, शेंडा उन्हात होता आणि तरी फूल नाही, तर शेणखत, गांडूळखत, युरिया सगळं थांबवा. नत्र मुबलक असलं की वेल साखर नव्या पाल्यावर खर्च करते आणि कंदात कमी ठेवते. कळ्या धरायच्या सुमारास आणि कंद भरताना पालाश (पोटॅशियम) मात्र हवं. थोडं सल्फेट ऑफ पोटॅश द्या. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, कुंडीत ते टाळलेलं बरं.

माती दुरुस्त करायची ती अशी

कुंडीबद्दल एक गैरसमज हट्टाने टिकून आहे: तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो. घडतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच अडतं. प्रत्येक कुंडीत पाणी दिल्यावर तळाचा काही सेंटीमीटरचा थर चिंबच राहतो. त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खडी घातली की तो चिंब थर वर सरकतो, थेट कंदाजवळ. खडी काढा, छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवा आणि पूर्ण कुंडी एकाच मिश्रणाने भरा. कुंडी उथळ नको, किमान ३० सेंटीमीटर खोल हवी, म्हणजे चिंब थर कंदापासून लांब राहील.

मिश्रणात अर्धा भाग भरड असू द्या: २ ते ५ मिलिमीटरची खडीदार वाळू किंवा चाळलेला मुरूम. उरलेल्या अर्ध्यात पोयट्याची माती आणि पूर्ण कुजलेलं पानांचं खत सारखंच. बांधकामाची बारीक वाळू चिकणमातीत मिसळू नका, बारीक कण वाळूच्या फटींत बसतात आणि माती पूर्वीपेक्षा घट्ट होते. अर्धवट कुजलेलं शेणखतही नको, ते कुजताना कंदाभोवतीचा प्राणवायू स्वतःच वापरतं.

जमिनीत निचरा कमी असेल तर खड्डा खोल करून चांगली माती भरण्याचा मोह होतो. चिकणमातीतला असा खड्डा आजूबाजूचं पाणी ओढून धरतो आणि कंद डबक्यात बसतो. त्याऐवजी ३० सेंटीमीटर उंच वाफा किंवा वरंबा करा आणि कंद त्यात वर लावा. चोपण जमिनीत जिप्समचा उपयोग होतो, त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं आणि मग ते सोडियम पाण्याबरोबर खाली धुऊन जावं लागतं. नुसत्या चुनखडीच्या जमिनीत जिप्समने सामू उतरत नाही. आणि चिकणमाती ओली असताना तिच्यात काम करू नका, पाय आणि कुदळ दोन्हींनी पोकळ्या मिटतात. वाफसा येईपर्यंत थांबा.

कंद आडवा, ५ ते ८ सेंटीमीटर खोल, डोळ्याला धक्का न लावता ठेवायचा. कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवा. मूळ नसलेल्या कंदाला पाणी पिता येत नाही, जास्तीचं पाणी फक्त कुजवणाऱ्यांच्या उपयोगाचं. वर पालापाचोळ्याचा पातळ थर द्या, मुळाशी गारवा राहतो आणि सरींच्या माऱ्याने मातीची पापडी बसत नाही. वेल चढायला लागल्यावर पाणी भरपूर पण अंतराने: वरचे ३–४ सेंटीमीटर सुकले की खालून वाहीपर्यंत. रोज थोडं थोडं देण्याने वरचा थर कायम ओला राहून हवेला बंद राहतो आणि क्षार धुतले जात नाहीत.

वेल वाळल्यावर कंद जमिनीत ठेवायचा की काढायचा? निजण्याच्या काळात माती खात्रीने कोरडी राहत असेल तर राहू द्या. नसेल तर काढा, पण आधी भोवतीची माती लांबून सैल करून. कंद धुऊ नका. सावलीत सुकवून कोरड्या वाळूत किंवा कोरड्या कोकोपीटमध्ये, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत तो स्वतःच्याच ओलाव्यात बुरसटतो. रानातले कंद मात्र उकरून आणू नका. बी घेऊन रोपं करावीत, अशी रोपं तुमच्या मातीत पहिल्या दिवसापासून वाढतात.

उपाय लागू पडला का, हे कसं ओळखायचं

पिवळी पडलेली जुनी पानं हिरवी होण्याची वाट बघू नका, ती बहुधा तशीच राहतात. निर्णय शेंड्याच्या नव्या दोन-तीन पानांवरून घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि आठ-दहा दिवस थांबा. पाणी कमी करणं, लोह आणि नवं खत एकाच आठवड्यात केलं तर काय लागू पडलं हे कधीच कळणार नाही.

खरा हिशेब हंगामाच्या शेवटी कंदाच्या वजनात दिसतो. लावताना कंदाचं वजन कुंडीवर लिहून ठेवा आणि काढल्यावर नव्या कंदाचं वजन त्याच्याशी ताडून बघा. नवा कंद जड असेल तर माती बदलण्याची गरज नाही, त्या वर्षी फुलं कमी आली असली तरी. हलका असेल, तर फुलं कितीही आलेली असोत, तो त्याच मातीत पुन्हा लावू नका. आधी खड्ड्याची चाचणी आणि व्हिनेगरची चाचणी पुन्हा करा.